ईश्वरेच्छेला शरण जाणे : एक नैतिक प्रश्न



आमच्या वस्तीत एक मावशी राहतात. सारी वस्तीच त्यांना मावशी म्हणते. त्या ख्रिस्ती आहेत. त्यांच्या आजोबांनी नगर जिल्ह्यातील एका खेड्यात बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून त्या घरात रोज संध्याकाळी प्रभूची प्रार्थना चालत आलेली आहे. काही वर्षांपूर्वी त्यांचा तरणाताठा मुलगा गटाराच्या चेंबरमध्ये उतरला तो जिवंत वर आलाच नाही. मुकादमाने त्याला ना दोर दिला होता, ना तोंडावर बांधायला काही. आत विषारी वायू साचला आहे की नाही, हे पाहण्याची तसदीही कोणी घेतली नव्हती.

आम्ही समाचाराला गेलो. खोलीत दाटीवाटीने माणसे बसली होती. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आणि मावशी डोळ्यांना पदर लावून एवढेच म्हणाल्या, "देवाची इच्छा. त्याने दिला होता, त्यानेच नेला." कोणी काही बोलले नाही. अशा वेळी बोलायचे तरी काय?

परतताना माझ्याबरोबर वस्तीतील एक मुलगी होती. तिच्या घराने आदल्याच अशोक विजयादशमीला धम्मदीक्षा घेतलेली. कोपऱ्यावर येताच ती थांबली आणि म्हणाली, "दादा, मावशी म्हणाल्या देवाची इच्छा. मग मुकादमाच्या इच्छेचं काय? त्याला कोण विचारणार?"

त्या पोरीच्या प्रश्नाला मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. "देव नाहीच, मग त्याची इच्छा कुठली!" असे म्हणून हा प्रश्न झटकून टाकणे सोपे आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळजण तसेच करतात. पण ते उत्तर अपुरे आहे. एक तर मावशींच्या तोंडून निघालेला शब्द थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता. त्याच शब्दाच्या आधाराने ती माउली त्या दिवशी उभी होती. दुसरे असे, की 'इच्छा सोडून देणे', 'शरण जाणे', 'नशिबात होते' ही वृत्ती देव सोडला की सुटतेच असे नाही. ती दुसरे नाव घेऊन आपल्याही घरात शिरते. म्हणून ख्रिस्ती लोक ईश्वरेच्छेला शरण जाणे कशाला म्हणतात, त्यातून माणूस केव्हा उभा राहतो आणि केव्हा वाकतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. परधर्माचा विचार करताना त्यातील उत्तम काय आहे ते आधी पाहावे आणि मग परीक्षा करावी, हीच विवेकी माणसाची रीत होय.

गेथशेमाने बागेतील रात्र

ख्रिस्ती माणसाला शरणागतीचा अर्थ विचारला तर तो गेथशेमाने बागेतील रात्रीकडे बोट दाखवील. उद्या क्रुसावर मरण येणार हे येशूला कळून चुकले आहे. शिष्यांना जागे राहा म्हणून सांगितले, तर ते झोपी गेले आहेत. तो एकटाच जमिनीवर पालथा पडून प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेचे भाग दोन. पहिल्या भागात तो, शक्य असेल तर हे दुःख माझ्यावरून टळू दे, अशी मागणी करतो. दुसऱ्या भागात, तरीही माझ्या मनाप्रमाणे नव्हे, तुझ्या मनाप्रमाणे होऊ दे, असे म्हणतो.

उपदेशक बहुधा दुसरा भागच सांगतात. पहिला भाग मात्र विसरला जातो. त्या माणसाने आपली इच्छा लपवली नाही. मला मरायचे नाही, हे त्याने उघड सांगितले, आणि तेही एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. म्हणजे शरण जाण्यापूर्वी दुःखाला दुःख म्हणण्याचा अधिकार त्याने सोडला नव्हता. दुसरी गोष्ट अशी, की तो शरण गेला तो आपल्या पित्याला. रोमन सुभेदार पिलाताचा निवाडा न्यायाचा आहे, असे त्याने कोठेही म्हटले नाही. शिक्षा सोसणे वेगळे आणि शिक्षा योग्य आहे असे कबूल करणे वेगळे. हा भेद ध्यानात ठेवावा. पुढे तो कामी येणार आहे.

ख्रिस्ती घरांतून म्हटली जाणारी प्रभूची प्रार्थना घ्या. तीत, जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही देवाच्या इच्छेप्रमाणे होवो, अशी मागणी आहे. आता विचार करा. पृथ्वीवर जे जे घडते ते सारे देवाच्या इच्छेनेच घडत असेल, तर ही मागणी करण्याचे कारणच काय? जे घडतेच आहे ते घडो, असे कोणी मागत नाही. ज्याअर्थी रोज मागावे लागते, त्याअर्थी पृथ्वीवर देवाच्या इच्छेविरुद्ध पुष्कळ काही चालले आहे, हे त्या प्रार्थनेनेच मान्य केले आहे. तेव्हा उपासमार, गुलामी, गटारात गुदमरून आलेला मृत्यू यांकडे बोट दाखवून 'ही देवाची इच्छा' म्हणणारा उपदेशक आपल्याच प्रार्थनेच्या उलट बोलत असतो. बौद्ध म्हणून आपण ती प्रार्थना म्हणत नाही. पण तिचा हा अर्थ ख्रिस्ती शेजाऱ्याला समजावून देण्याइतकी समज आपल्याजवळ असावी.

ख्रिस्ती साधकांनी ही शरणागती फार खोलवर नेली, हेही खरे. इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश सैनिकाने येशूसंघ स्थापन केला आणि १५४० साली पोपने त्याला मान्यता दिली. आपले स्वातंत्र्य, स्मृती, बुद्धी आणि इच्छा हे सारे देवाच्या स्वाधीन करण्याची प्रार्थना त्याने साधकांना शिकवली. इंग्लंडात जॉन वेस्ली यांनी १७५५ साली आपल्या मंडळीत कराराची उपासना सुरू केली. मेथडिस्ट लोक आजही बहुधा नववर्षाच्या सुमारास तो करार नवा करतात. देवा, मला कामाला लाव अथवा दुःखाला लाव, वर चढव अथवा खाली उतरव, मी तुझा आहे, असा त्या कराराचा भाव आहे.

ऐकणाऱ्याला वाटेल, असा करार करणारा माणूस हातपाय गाळून बसत असेल. पण याच वेस्लींनी १७७४ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जळजळीत पुस्तक लिहिले, आणि १७९१ साली मरणापूर्वी काही दिवस विल्बरफोर्स यांना पत्र लिहून तो लढा न सोडण्याविषयी बजावले. स्वतःची इच्छा सोडली असे म्हणणारा हा म्हातारा गुलामांच्या मालकांची इच्छा मानायला मात्र तयार नव्हता.

देवाची इच्छा की मालकाची?

खरा प्रश्न इथे उभा राहतो. देव दिसत नाही, बोलत नाही. मग त्याची इच्छा अमुक आहे, हे सांगतो कोण? माणूसच सांगतो. आणि ज्याच्या हाती चाबूक असतो त्याचा आवाज सर्वांत मोठा असतो.

१८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधील निग्रो गुलामांसाठी म्हणून बायबलची एक आवृत्ती छापली गेली. तीत निवडक उतारे होते. इजिप्तच्या फारोच्या गुलामीतून इस्राएली लोक बाहेर पडल्याची कथा तीतून गाळली होती, आणि दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हा उपदेश मात्र ठेवला होता. ईश्वरेच्छा मालकाच्या सोयीची करायची असेल तर ईश्वराच्या ग्रंथालाच कात्री लावावी लागते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत हॉवर्ड थर्मन यांनी आपल्या आजीची हकीकत १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सांगितली आहे. आजी गुलामीत जन्मलेली. तिला वाचता येत नसे, म्हणून लहानगा हॉवर्ड तिला बायबल वाचून दाखवी. स्तोत्रे ती ऐके, यशयाचे ग्रंथ ऐके, येशूची चरित्रेही ऐके. पण प्रेषित पौलाची पत्रे काढली की नको म्हणे. त्यांतील प्रीतीविषयीचा एक अध्याय तेवढा ती कधीमधी ऐकून घेई. पुष्कळ वर्षांनी नातवाने कारण विचारले. तेव्हा तिने सांगितले, की गुलामीच्या दिवसांत मालकाचा पाद्री वर्षातून काही वेळा आम्हा गुलामांपुढे प्रवचन करी, आणि दर वेळी पौलाचेच वचन घेऊन, तुम्ही गुलाम आहात ही देवाचीच इच्छा आहे, असे सांगे. त्याच वेळी तिने आपल्या देवाला शब्द दिला होता, की कधी स्वतंत्र झाले आणि वाचायला शिकले तर हा भाग वाचणार नाही.

भगिनींनो, ही आजी निरक्षर होती. तिने धर्मशास्त्राचा अभ्यास केला नव्हता. तिने आपला देव सोडला नाही, आणि पाद्र्याचा देवही स्वीकारला नाही. कोणता शब्द देवाचा आणि कोणता मालकाचा, हे तिने आपल्या पाठीवरच्या अनुभवाने ओळखले. ज्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या 'तुमच्या कपाळी देवानेच हे लिहिले आहे' असे ऐकवले गेले, त्यांना या आजीची ओळख वेगळी करून द्यायला नको.

रमाबाईंचे पत्र

आपल्या महाराष्ट्रातही हा प्रश्न एका स्त्रीने फार धैर्याने विचारला. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणे सांगे. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांच्याजवळचे सारे संपले. जे होते ते दानधर्मात आणि देवांच्या सेवेत गेले. अंगमेहनतीचे काम करणे त्यांच्या जातीला कमीपणाचे होते. देव कृपा करील म्हणून उपास, जप, प्रदक्षिणा चालू राहिल्या, आणि वडील, आई, थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ तेवढे उरले. देवाच्या भरवशावर बसलेल्या घराची ती दशा त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, आणि १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निवेदनात ती लिहूनही ठेवली.

पुढे १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गहजब झाला. महात्मा फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, हे आपण विसरता कामा नये. पण इंग्लंडातही रमाबाईंना एक नवीनच अडचण आली. तेथील धर्मगुरू आणि मठवासिनी यांची अपेक्षा अशी, की तुम्ही आता ख्रिस्ती झालात, तेव्हा चर्चच्या अधिकाऱ्यांनी जे सांगितले ते मान्य केले पाहिजे. देवाला शरण गेलात ना, मग आम्हालाही शरण या! रमाबाईंनी १२ मे १८८५ रोजी एका मठवासिनीला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट कळवले, की हिंदुस्थानातील पुरोहितांचे जोखड मी मोठ्या कष्टाने उतरवले आहे. आता जे जे धर्मगुरू बोलेल ते देवाचीच आज्ञा म्हणून स्वीकारून तसलेच दुसरे जोखड मानेवर घ्यायला मी तयार नाही.

परक्या देशात, त्यांच्याच आश्रयाने राहणारी, लहान मुलगी पदरात असलेली ही विधवा होती. तिला कोणाला दुखवणे परवडणारे नव्हते. तरी तिने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, आपल्या देवाला वाहून घेणे. आणि दुसरी, देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसांना वाहून घेणे. पहिली तिने आयुष्यभर केली. दुसरीला ती नाही म्हणाली.

आणि त्या वाहून घेण्याचा अर्थ काय झाला तोही पाहा. १८९६-९७ चा दुष्काळ पडला. हा देवाचा कोप, देवाची मर्जी, असे म्हणून त्या बसल्या नाहीत. ज्या दुष्काळाने आपले घर खाल्ले तोच पुन्हा आला आहे, हे ओळखून त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने मरणाऱ्या विधवांना व मुलींना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. शेकडो बायकांना तेथे अन्न, अक्षर आणि हाताला काम मिळाले. वडिलांच्या घरची शरणागती आणि लेकीची शरणागती यांत किती अंतर आहे! एकीत माणूस देवाकडून काही होण्याची वाट पाहत मेला. दुसरीत, माझ्याकडून काय व्हायचे आहे, असा प्रश्न माणसाने स्वतःलाच विचारला.

एक शेतकरी, एक पाळक

याच प्रश्नाने ऑस्ट्रियातील एका साध्या शेतकऱ्याचा प्राण घेतला. फ्रान्झ येगरश्टेटर हे त्याचे नाव. रादेगुंड नावाच्या खेड्यात त्याची शेती, घरी बायको आणि तीन लहान मुली. हिटलरच्या सैन्यात लढणे हे पाप आहे, अशी त्याची खात्री झाली. तो सल्ल्यासाठी लिंझच्या बिशपकडे गेला. तेथे त्याला सांगण्यात आले, की युद्ध न्यायाचे की अन्यायाचे हे ठरवणे तुझे काम नव्हे. तू बायकामुलांचा विचार कर. गावकऱ्यांचेही तेच म्हणणे. म्हणजे धर्माचा अधिकारी आणि राज्याचा अधिकारी, दोघांची इच्छा एक झाली होती. तरीही त्याने नकार दिला, आणि ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. तो स्वतः मात्र, मी देवाच्या इच्छेप्रमाणे वागलो, असेच मानून शांतपणे मरणाला सामोरा गेला. ज्या चर्चच्या बिशपने त्याला परत पाठवले होते त्याच चर्चने २००७ साली त्याला धन्य म्हणून घोषित केले. चौसष्ट वर्षे लागली!

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. अमेरिकेत माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी ५ डिसेंबर १९५५ पासून बसगाड्यांवर बहिष्कार घातला. त्याचे पुढारीपण मार्टिन ल्यूथर किंग या तरुण पाळकाकडे आले. २७ जानेवारी १९५६ च्या रात्री घरी फोन आला : शहर सोड, नाही तर घर उडवून देऊ. बायको आणि तान्ही मुलगी झोपलेली. किंगना झोप येईना. स्वयंपाकघरात कॉफीचा पेला पुढे ठेवून ते बसून राहिले. भीतीने मन खचले होते. आपली शक्ती संपली, आता एकट्याने निभत नाही, असे त्यांनी मोठ्याने आपल्या देवाजवळ कबूल केले. त्यानंतर, न्यायासाठी उभा राहा, असे आतून कोणीतरी सांगत असल्याचा अनुभव आपल्याला आला, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. तीनच दिवसांनी घरावर बाँब पडला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. बहिष्कार ३८१ दिवस चालला आणि जिंकला.

बंधूंनो, याच १९५६ सालच्या १४ ऑक्टोबरला नागपूरला लाखो माणसांनी एक जुने जोखड उतरवून ठेवले. पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांना न ओळखणारी, पायदळी तुडवलेली दोन माणसे एकाच वर्षी उभी राहत होती. एकाने आपले बळ देवाच्या पायाशी बसून मिळवले, दुसऱ्याने देवाशिवाय मिळवले. पण दोघांनीही, वरच्यांची इच्छा म्हणजे विश्वाचा नियम, हे मानायला नकार दिला. पुढे १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगात असताना गोऱ्या धर्मगुरूंनी किंगना सबुरीचा सल्ला दिला, तेव्हा त्यांना उत्तर देताना किंगनी सबुरी या शब्दाचा दुसरा अर्थ उघडा केला. तो अर्थ असा, की 'थांबा' म्हणजे बहुधा 'कधीच नाही'.

पारखण्याच्या तीन कसोट्या

एवढ्या उदाहरणांवरून काय निष्पन्न होते? शरणागती ही एकच वस्तू नाही. एकाच शब्दाखाली दोन अगदी विरुद्ध वृत्ती वावरतात. त्यांना पारखण्यासाठी मला तीन प्रश्न सुचतात.

पहिला : हे झाल्यावर सोसायचे आहे, की होऊ द्यायचे आहे? मुलगा गेला. तो परत येणार नाही. हे दुःख पत्करण्यावाचून आईला गत्यंतर नाही, आणि त्याला ती ईश्वरेच्छा म्हणून पत्करत असेल तर तिचा आधार आपण काढून घेऊ नये. पण उद्या दुसऱ्या आईचा मुलगा तसाच उतरणार आहे, त्याला ईश्वरेच्छा म्हणणे हा निव्वळ अपराध होय.

दुसरा : ही इच्छा सांगतो कोण, आणि त्यात त्याचा लाभ काय? गुलामाला ईश्वरेच्छा सांगणारा पाद्री मालकाच्या अन्नावर होता. येगरश्टेटर आणि किंग यांनी जी ईश्वरेच्छा मानली तिच्यात त्यांचा स्वतःचा तोटाच तोटा होता. ज्या ईश्वरेच्छेने सांगणाऱ्याचा फायदा होतो आणि ऐकणाऱ्याचा घात होतो, ती संशयास्पद समजावी.

तिसरा : शरण गेल्यावर माणूस माणसापुढे ताठ उभा राहतो, की आणखी वाकतो? किंग त्या रात्री देवापुढे वाकले, आणि म्हणून शहराच्या अधिकाऱ्यांपुढे वाकले नाहीत. जी शरणागती माणसाला प्रत्येक धन्यापुढे वाकायला शिकवते ती धर्म नव्हे, गुलामीचा सराव आहे.

आपल्या घराची झडती

आता आपल्याकडे वळू. आपण विश्वाचा कर्ता ईश्वर मानत नाही. ईश्वरेच्छा ही वस्तूच आपल्या विचारात बसत नाही. आपण तिसरण घेतो ते आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन करण्यासाठी नव्हे, तर मार्गदाता, मार्ग आणि मार्गावरील सोबती यांचा आधार घेण्यासाठी. तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी आनंदाला दुसऱ्या कोणाच्या आश्रयाला न जाता स्वतःचा आणि धम्माचा आधार घेण्यास सांगितले. इच्छा सोडून द्या, असे त्यांनी म्हटले नाही. उलट चेतना, म्हणजे मनातील हेतू, हेच कर्म, आणि त्याची जबाबदारी ज्याची त्याच्यावर, असे शिकवले.

पण म्हणून आपण सुटलो असे समजू नका. मी नवदीक्षित घरांतून ऐकले आहे, "त्याच्या मागल्या जन्मीचं कर्म, त्याला कोण काय करणार!" बंधूंनो, हे 'देवाची इच्छा' याचेच दुसरे रूप आहे. यातही मुकादम सुटतो. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्मावर आजचे दारिद्र्य आणि हीनपणा ढकलण्याच्या सिद्धांतावर कठोर टीका केली आहे. कारण तो सिद्धांत समाजाला आणि राज्याला जबाबदारीतून मोकळा करतो. तसेच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले होते, की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणात ती अधोगतीचा आणि अखेरीस हुकूमशाहीचा मार्ग आहे. आज आपल्यातही एखाद्या पुढाऱ्याची इच्छा हीच चळवळीची इच्छा, असे मानणारे आहेत. पुढाऱ्याच्या फोटोला हार घालून विचार त्याच्याकडे गहाण टाकायचा, आणि वर ख्रिस्ती शेजाऱ्याला अंधश्रद्ध म्हणायचे, हे आपल्याला शोभत नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. आपल्या इच्छेपुढे जग झुकत नाही, हे मान्य करण्याची गरज बौद्धालाही आहे. किसा गोतमीची कथा आपण मुलांना सांगतो. मेलेले बाळ कडेवर घेऊन ती औषध मागत फिरली. ज्या घरात कधी कोणी मेले नाही तेथून मूठभर मोहऱ्या आण, असे भगवंतांनी तिला सांगितले. दारोदार फिरून तिला उमगले, आणि तिने बाळ खाली ठेवले. भगवंतांनी तिला, ही कोणाची तरी इच्छा होती, असे सांगितले नाही. जे जन्मले ते जाते, एवढेच तिला तिच्या पायांनी चालून कळू दिले. मावशींना जी शांती ईश्वरेच्छेने मिळाली, ती गोतमीला अनित्यतेच्या जाणिवेने मिळाली. वाट वेगळी आहे. आमची वाट मला अधिक खरी वाटते. कारण तिच्यात न दिसणाऱ्या धन्याचा हुकूम कोणी आपल्या सोयीने वाचून दाखवू शकत नाही. पण ओझे खाली ठेवणारे हात दोन्हीकडे माणसाचेच आहेत.

मावशींचे उत्तर

समाचाराच्या पंधरवड्यानंतर ती मुलगी आणि मी पुन्हा मावशींकडे गेलो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांवाचून माणसाला गटारात उतरवणे हा गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला भरपाई देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ सालचा आदेश आहे, हे आम्ही त्यांना समजावून सांगितले. (२०२३ साली न्यायालयाने ती रक्कम दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली.) ठेकेदाराची माणसे त्यांच्याकडे आधीच येऊन गेली होती. थोडे पैसे पुढे करून त्यांनी सांगितले होते, "मावशी, देवाची इच्छा होती, आता कशाला पोलीस आणि कचेरी?"

मी भीत भीत विचारले, "मावशी, तुम्ही तर देवाची इच्छा म्हणालात. मग तक्रार द्यायची का?"

मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अरे बाबा, पोरगं माझं देवाकडं गेलंय, ते मी देवाच्या हवाली केलं. पण माझ्या पोराला दोर न देता आत सोडायचं, हे माझ्या देवानं सांगितलं नव्हतं. ते ह्या लोकांनी केलं. माझ्या देवाचं नाव ह्यांच्या तोंडात शोभत नाही. कुठं अंगठा करायचा ते दाखव."

त्यांनी अंगठा उठवला. त्या मुलीने अर्ज वाचून दाखवला, आणि साक्षीदार म्हणून खाली स्वतःची सही केली. एक ख्रिस्ती, एक बौद्ध. खटल्याचे पुढे काय झाले ती वेगळी आणि लांबलचक हकीकत आहे. कचेऱ्यांचे उंबरे अजून झिजत आहेत. पण त्या दिवशी कोपऱ्यावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला मावशींनी दिले. मुकादमाला कोण विचारणार? आपणच विचारणार. ज्याला देवाचे नाव घेऊन विचारायचे असेल त्याने तसे विचारावे, आपण प्रज्ञा आणि करुणेच्या बळावर विचारू. विचारायचे मात्र सोडायचे नाही.

नवदीक्षित मातांनो आणि पित्यांनो, तुमच्या मुलांनी उद्या शेजारच्या ख्रिस्ती घराची प्रार्थना ऐकली तर त्यांना हसायला शिकवू नका. त्या प्रार्थनेचा अर्थ विचारायला शिकवा. आणि तुमच्याच घरात कोणी 'नशीब', 'कर्म' किंवा 'साहेबांची मर्जी' म्हणाले, तर तोच प्रश्न तिथेही विचारायला शिकवा : ही इच्छा नेमकी कोणाची?

भवतु सब्ब मंगलम्.